मोरपंखी म्हणजे मोरपंखी

माणसानं आयुष्यात वाटेल ते बोलावं, पण "त्यात काय एवढं?" असं कधी बोलू नये. बायकोसमोर तर नाहीच नाही. आणि तोंडातून निघणारच असेल, तर निदान तिचा भाऊ समोर चहा पीत बसलेला नसताना निघावं. मी ते दोघांच्या देखत बोललो, आणि तिथून पुढे जे काही झालं त्याला मी एकटा जबाबदार आहे असं आमच्या घरात एकमतानं ठरलेलं आहे. आमच्या घरात एकमत म्हणजे बायकोचं मत.

बायको पडदे शिवते. आधी हौस होती, मग हौसेचा व्याप झाला आणि व्याप आमच्या पुढच्या खोलीत मावेना. कोचावर कापडाचे तागे, टेबलावर शिलाई मशीन, खिडकीला अर्धवट शिवलेले दुसऱ्यांचे पडदे. आमच्या स्वतःच्या खिडकीला पडदा नाही, हे ओघानं आलंच. या सगळ्यात माझी आरामखुर्ची हळूहळू मागे सरकत सरकत न्हाणीघराच्या दारापाशी बोळात जाऊन पोचली. निवृत्त माणसाला दुसरी इस्टेट कुठली? एक खुर्ची. आणि तीत बसावं तर येणाजाणाऱ्यानं पाय ओलांडून जावं आणि जाताना म्हणावं, "जरा पाय घ्या हो." मी घेत होतो.

अशात एका मोठ्या गेस्ट हाउसच्या मॅनेजरचा बायकोला फोन आला. त्यांना सगळ्या खोल्यांचे पडदे बदलायचे होते. "तुमची वेबसाइट असली तर पाठवा," तो म्हणाला, "मालक बघून ठरवतात." हे काम मिळालं तर बायको कोपऱ्यावरचा रिकामा गाळा भाड्यानं घेणार होती. त्या गाळ्याच्या बंद शटरवरून ती रोज जायची आणि रोज दोन मिनिटं थांबून बघायची. शटरमध्ये बघण्यासारखं काही नसतं. पण ती बघायची. आणि मी मनातल्या मनात पुढच्या खोलीत माझी खुर्ची कुठे ठेवायची ते बघायचो. दोघांचंही त्या एका कामावर अडलं होतं.

मेहुणा एका कंपनीत वेबसाइटच बनवतो. त्यानं बहिणीसाठी हौसेनं सगळं करून आणलं. फोटो लावले, मापं घ्यायची माहिती टाकली. "आता फक्त मागचा रंग ठरवायचा राहिलाय," तो म्हणाला. "ताई, तू सांगतेस का? हे काम सोपं नसतं बरं का."

तेव्हा मी बोळातून ओरडलो, "त्यात काय एवढं? मी ठरवतो."

इथे माझी थोडी ओळख करून देणं भाग आहे. मी आयुष्यभर वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांची वजनं तपासायची, खोटी निघाली की जप्त करायची. किलो म्हणजे किलो, मीटर म्हणजे मीटर. तो इथे एक आणि पलीकडच्या गल्लीत दुसरा, असं चालत नाही. या एका तत्त्वावर मी संसार केला. संसार तत्त्वावर चालतो असं नाही, पण माझी बाजू स्वच्छ राहिली.

मी ताग्यांमधून मोरपंखी कापड उचललं. शांत, भारदस्त, थोडा निळा, थोडा हिरवा. मेहुण्यानं लॅपटॉपवर तोच रंग जुळवला आणि कापड शेजारी धरलं, तर हुबेहूब. "झालं काम!" असं म्हणून मी विजयी मुद्रेनं माझ्या फोनवर तेच पान उघडलं. फोनवर रंग निळा होता. मोरपंखी नव्हे, शाळेच्या गणवेशासारखा निळा. बायकोनं तिचा फोन काढला. तिचा हिरवा.

"हा मोरपंखी?" ती म्हणाली. "अहो, हा शेवाळी आहे. न धुतलेल्या टाकीचा असतो तसा."

"तुझा फोन खोटा आहे."

"आणि तुमचा खरा, असं कोणी सांगितलं?"

हा प्रश्न वरकरणी साधा होता, पण तो माझ्या काळजात घुसला. एकाच घरात तीन स्क्रीन आणि तीन रंग! एखाद्या दुकानात मला एक किलोची तीन वजनं तीन तऱ्हेची सापडली असती, तर मी दुकानाला सील ठोकून दुकानदाराला रडवला असता. इथे दुकानदार मी होतो.

"भाऊजी, प्रत्येक स्क्रीन वेगळीच असते," मेहुणा समजावू लागला. "काही निळसर, काही पिवळट. कुणी उजेड वाढवून ठेवतो, कुणी कमी. सगळीकडे एकसारखा रंग दिसणं शक्यच नाही. आपण असा रंग निवडायचा की थोडा इकडे तिकडे झाला तरी वाईट दिसू नये. आणि त्यावर अक्षरं पांढरी ठेवायची, म्हणजे कुठेही वाचता येतील."

"इकडे तिकडे झाला तरी?" मी म्हणालो. "आमच्या खात्यात याला फसवणूक म्हणायचे."

अक्षरांच्या बाबतीत मात्र बायको मध्ये पडली. तिला अक्षरं डाळिंबी हवी होती. पांढरी अक्षरं दवाखान्याच्या पाटीवर असतात, पडद्यांच्या पानावर नाही, असं तिचं म्हणणं. मेहुणा म्हणाला, "ताई, दोन्ही गडद आहेत गं." त्यावर आम्ही नवरा-बायको, बऱ्याच वर्षांनी, एका सुरात म्हणालो, "पण रंग वेगळे आहेत ना?" त्या बिचाऱ्यानं अक्षरं डाळिंबी करून टाकली. दोघांचं एकमत झालेलं त्यानं प्रथमच पाहिलं असावं.

नेमका मोरपंखी कोणता याचा छडा लावायचाच असा निर्धार करून मी कापडाचा तुकडा खिशात घातला आणि बाहेर पडलो. सुरुवात शेजारून, समोरच्या काकूंपासून केली. काकूंनी फोन नाकाला लावून पान पाहिलं.

"पिकलेल्या लिंबासारखा दिसतोय," त्या म्हणाल्या.

"काकू, हे कापड बघा. असा दिसायला हवा."

"मग तसा दाखवा ना. लिंबाचा कशाला दाखवता?"

मी त्यांचा फोन हातात घेतला, तर काय! संध्याकाळी डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्क्रीन पिवळी करायची जी सोय असते, ती त्यांच्या फोनवर अखंड चालू होती. मुलानं परदेशी जाताना करून दिली होती, ती तशीच. फोनला कावीळ झालेली आणि काकूंना पत्ता नाही. उलट नातवाचे फोटो बघून त्यांनी सुनेला दोनदा सांगितलं होतं, "पोराला कावीळ आहे, डॉक्टरकडे ने." आणि सून बिचारी दोनदा त्याचं रक्त तपासून आली होती.

परोपकाराच्या भरात मी ती सोय बंद करून टाकली. काकूंनी नातवाचा फोटो उघडला आणि किंचाळल्या, "अरे देवा! पांढराफटक पडलाय हो पोरगा! अंगात रक्तच नाही!" आणि माझ्यासमोरच त्यांनी सुनेला फोन लावला. पलीकडून सुनेचा आवाज चढलेला मला दारापर्यंत ऐकू येत होता. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, हे पूर्वी फक्त ऐकलं होतं. आता त्या बाई मला बघितलं की दार लावून घेतात.

खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. शिकलेला माणूस, रंगाशी रोजचा संबंध. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि खणातून दातांची एक माळ काढली. खोट्या दातांची, रंग जुळवायला असते ती. "पांढरा म्हणता ना तुम्ही? त्यात सोळा छटा आहेत," ते म्हणाले. "आणि प्रत्येक छटा या दिव्याखाली वेगळी आणि खिडकीपाशी वेगळी. तुम्ही तर मोरपंखी घेऊन बसलात! थांबा, आपण तिसऱ्या माणसाचं मत घेऊ."

तिसरा माणूस खुर्चीत आडवा होता आणि त्याच्या तोंडात नळी होती. डॉक्टरांनी आपल्या संगणकावर पान उघडलं आणि त्याच्या डोळ्यांपुढे स्क्रीन वळवली. "कोणता रंग दिसतो?"

"आँ," तो म्हणाला.

"आकाशी म्हणतायत," डॉक्टर म्हणाले. मला तसं काही ऐकू आलं नाही, पण वैद्यकीय बाबतीत मी बोलत नाही. निघताना डॉक्टरांनी ती दातांची माळ सहज माझ्या तोंडापाशी धरली आणि म्हणाले, "तुमचे दात मात्र यात शेवटून दुसरे बसतात हं." ऐकावे जनाचे म्हणतात, पण जनांनी किती बोलावं याला काही माप नाही.

घरी येऊन मी रोज मेहुण्याला फोन करू लागलो. "थोडा निळा कमी कर." "थोडा वाढव." "काल होता तसा कर." तो म्हणायचा, "भाऊजी, कालचा कुठला? सकाळचा की दुपारचा?" पुढे पुढे तो फोन उचलून आधी सुस्कारा टाकायचा आणि मग बोलायचा. मी मनावर घेतलं नाही. निरीक्षकाच्या नोकरीत सुस्काऱ्यांची सवय होते.

मग मला एक नामी युक्ती सुचली. आपण लोकांच्या दारी कशाला जायचं? लोकांनाच सांगू दे. पानाच्या अगदी तळाशी मी मेहुण्याकडून एक ओळ घालून घेतली. मजकूर मीच दिला, आमच्या खात्याच्या वळणाचा: "वरील पृष्ठभागाचा रंग आपणांस कोणता दिसतो, ते कृपया खालील क्रमांकावर कळवावे." त्याखाली आमच्या घरचा फोन. मेहुणा घाईत होता, कंटाळलेलाही होता. त्यानं पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत ती ओळ चिकटवून दिली आणि म्हणाला, "भाऊजी, शेवटचं सांगतो. सगळ्यात मरतुकडी स्क्रीन असेल ती शोधा. तिच्यावर बरं दिसलं तर सगळीकडे बरं दिसेल. आणि मग मला सोडा."

सगळ्यात मरतुकडी स्क्रीन कुठे असणार हे कुठल्याही कर भरणाऱ्या नागरिकाला विचारावं लागत नाही. मालमत्ता कराच्या कार्यालयात, दारातून शिरल्यावर डाव्या हाताला, एक यंत्र उभं आहे. बोट लावून आपला कर बघायचा. काचेवर इतक्या बोटांचे ठसे की पोलिसांनी नेली तर सगळं गाव आत जाईल. मी रांगेत उभा राहिलो, माझा नंबर आल्यावर 'मदत' असं लिहिलेल्या ठिकाणी बोट दाबलं, एक पांढरी पट्टी उघडली आणि तीत मी बायकोच्या वेबसाइटचा पत्ता टाइप केला.

पान उघडलं. रंग तपकिरी. जुन्या बुटासारखा.

इथवर ठीक होतं. पण आता मागे जायचं कसं? मागे जायचं बटणच नव्हतं. मी 'मदत' शोधलं, तर मदतही गेली होती. संपूर्ण काचेवर बायकोचे पडदे. मी बोट लावलं की पडदा मोठा व्हायचा, परत लावलं की लहान. मागे रांग वाढत होती. घाम पुसत मी शेजारच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाकडे गेलो.

"ते यंत्र..." मी म्हणालो.

"बंद आहे का?"

"बंद नाही, चालू आहे. पण त्यावर पडदे दिसतायत."

"चालू आहे ना? मग तक्रार कसली?" त्यानं खणातून एक अर्ज काढून दाखवला. "हा यंत्र बंद पडल्याचा अर्ज. चालू असल्याचा अर्ज नसतो."

"पण लोकांना कर भरता येत नाहीये."

"लोकांची काही तक्रार दिसत नाही. बघा."

मी वळून बघितलं. खरंच नव्हती. रांग शांतपणे पडदे बघत होती. पहिल्या नंबरच्या बाई बोटानं एकेक पडदा मोठा करत होत्या आणि मागचे दोघे "तो मघाचा दाखवा, झालरीचा" म्हणत होते. कर भरायला आलेल्या माणसांच्या तोंडावर इतकं समाधान त्या कार्यालयानं बहुधा कधी पाहिलं नसावं.

"वायर काढून परत लावली तर?" मी हळूच विचारलं.

"वायर विद्युत विभागाची. यंत्र संगणक विभागाचं. मी फक्त शेजारी बसतो." मग तो पुढे झुकला, यंत्राकडे बघितलं आणि म्हणाला, "पण रंग जांभळा कशाला घेतलात?"

मी ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला नाही, पण त्या दिवशी मात्र तोंड लपवून मागच्या दारानं बाहेर पडलो. संगणक विभागाचा माणूस रजेवर होता असं नंतर कळलं. तो परत येईपर्यंत बायकोचे पडदे सरकारी कार्यालयात मुक्कामाला राहिले.

आणि घरचा फोन वाजू लागला. सकाळी वाजला, दुपारी वाजला, जेवताना वाजला. "तपकिरी." "मातकट." "साहेब, मला तर काळाच दिसतो, पण माझ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय." एका गृहस्थांनी रंग सांगितलाच नाही, नवीन कर जाचक आहे यावरच बोलले. मी ओळखीतल्या लोकांनाही पान पाठवलं होतं, त्यांचे वेगळेच: निळा, हिरवा, राखीपासून पोपटीपर्यंत सगळे आले. मोरपंखी एकानंही म्हटलं नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

बायको मशीनवर बसून हे सगळं ऐकत होती. फोन संपला की मशीन पुन्हा सुरू व्हायचं, आणि मशीनच्या आवाजावरून तिचा राग मोजता येत होता. शेवटी मशीन थांबलं.

"एवढे फोन आले," ती म्हणाली. "एकानं तरी पडदा मागितला?"

मी फोन उगाच सरळ करून ठेवला.

"गेस्ट हाउसला पान पाठवून किती दिवस झाले. मॅनेजरचा फोन नाही. आज कोपऱ्यावरचा गाळा उघडा होता. आत एक जण टेप लावून मापं घेत होता. चपलांचं दुकान टाकणार म्हणे." तिनं मशीनखालचं कापड बाजूला सारलं. "माझे पडदे होते हो. त्यात तुमचा रंग कशाला घातलात?"

ती भांडली असती तर मी तयार होतो. भांडणाची मला तयारी असते. पण ती भांडली नाही, आणि मला खरोखर लाज वाटली. मी बोळात जाऊन खुर्चीत बसलो. खिशातला मोरपंखी तुकडा काढून बघितला. बोळातल्या मिणमिणत्या दिव्याखाली तो मलाही धड मोरपंखी दिसत नव्हता. इतके दिवस मी दारोदार ज्याची साक्ष काढत फिरलो तो हा रंग! नसती उठाठेव म्हणतात ती हीच. मी उठलो, म्हटलं आता मेहुण्याला सांगून टाकावं: बाबा रे, रंग ताईला विचार. ताई म्हणेल तो कर आणि ती तळाची ओळ काढून टाक.

मी फोनकडे हात नेला आणि तोच वाजला.

"नमस्कार," पलीकडचा आवाज वयस्कर होता आणि सावकाश बोलत होता. "मी गेस्ट हाउसचा मालक बोलतोय. पडद्यांचं तुमच्याकडेच ना?"

मी सरळ उभा राहिलो. बायकोला खूण केली. ती हातातली कात्री तशीच घेऊन उठून आली आणि माझ्या समोर उभी राहिली.

"हो साहेब, आमच्याकडेच."

"असं आहे, मी त्या स्क्रीनवर काही बघत नाही. डोळे चुरचुरतात. आमचे मॅनेजर मला सगळं छापून देतात. तुमचंही दिलंय. गठ्ठा समोर आहे. पण तुमच्या कागदांवर काही वाचताच येत नाही हो. नाव दिसत नाही, पत्ता दिसत नाही. फोटो सोडले तर वरपासून खालपर्यंत एकच रंग."

माझ्या डोळ्यांपुढे मेहुणा उभा राहिला. दोन्ही गडद आहेत गं, ताई. मॅनेजरच्या छपाईच्या यंत्रात रंगीत शाई नव्हती. मोरपंखी आणि डाळिंबी, आमचे दोघांचेही रंग, त्या कागदावर एकमेकांत विरघळून गेले होते. आमचं एकमत झालं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"बाजूला ठेवणार होतो," मालक पुढे बोलत होते. "पण तळाशी एक ओळ तेवढी स्वच्छ दिसली. रंग कोणता दिसतो ते कळवा, म्हणून. म्हटलं, विचारलंय तर सांगावं माणसानं. मला राखाडी दिसतो."

"राखाडी," मी म्हणालो.

"हो. आणि फार छान आहे. मी महिनाभर पडदेवाल्यांना सांगतोय, मला शांत रंग हवा. जो येतो तो भडक फुलं घेऊन येतो आणि मलाच सांगतो की हे तुम्हाला आवडेल. तुम्ही पहिले भेटलात ज्यांनी विचारलं, तुम्हाला काय दिसतं? तेव्हा ठरलं. सगळ्या खोल्यांना हाच. राखाडीच आहे ना हा?"

आता वाचकांनी माझ्या जागी स्वतःला ठेवून बघावं. आयुष्यभर ज्यानं एका ग्रॅमची सूट दिली नाही, खोटं वजन ठेवलं म्हणून ज्यानं सख्ख्या मावसभावाचा तराजू जप्त केला, त्या माणसाला विचारलं जातंय की मोरपंखी हा राखाडी आहे ना. माझ्या आतला निरीक्षक ताडकन उठून उभा राहिला. त्याला मी आवरेपर्यंत तोंड उघडलं होतं.

"नाही साहेब, तो मो..."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. हातात कात्री होती, पण ती कात्रीनं बघत नव्हती. शटरकडे बघायची तशी बघत होती.

"...मो... मोठ्या प्रमाणात आहे साहेब आमच्याकडे," मी म्हणालो. "राखाडी. राखाडीच आहे तो."

"उत्तम," मालक म्हणाले. "लागा कामाला."

मी फोन खाली ठेवला. बायकोनं माझा हात दाबला आणि आत जाऊन चहा ठेवला. भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता, म्हणजे ती रडत होती. चहा घेऊन आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

"राखाडी आहे का गं आपल्याकडे?" मी विचारलं.

"एक वीतभरही नाही," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं हसत सुटलो. इतके हसलो की समोरच्या काकूंनी दार उघडून बघितलं आणि मला पाहून परत लावलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं कोणी समजू नये. मॅनेजरनं नमुन्याला म्हणून छापलेला कागद पाठवला. मालकांच्या टेबलावर होता तो दुसरा. त्यांच्या यंत्रातली शाई संपत आली होती, त्यामुळे गठ्ठ्यातला पहिला कागद कोळशासारखा आणि शेवटचा धुरासारखा. एकाच गठ्ठ्यात सगळे राखाडी निघाले आणि मालक व मॅनेजर आपापला कागद धरून बसले. इथे मात्र माझं आयुष्य उपयोगी पडलं. आम्ही घाऊक बाजारातून एक राखाडी कापड आणलं, बायकोनं ते मालकांच्या हातात दिलं, त्यांनी त्यावरून बोटं फिरवली आणि "हाच, हाच तो" म्हणाले. कागद त्यांनी परत बघितलाही नाही. मी लगेच त्या कापडाचे दोन तुकडे केले, दोन्हींवर मालकांची सही घेतली, एक त्यांच्याकडे ठेवला, एक आमच्याकडे. प्रमाण राखाडी. जगात निदान एका तरी रंगाला माझ्यामुळे माप मिळालं, याचं मला अजून समाधान आहे. मॅनेजरनं तो तुकडा चष्मा पुसायला नेला, ती गोष्ट वेगळी.

चपलांच्या दुकानवाल्याला गाळा लहान पडला. बायकोनं तो घेतला. तागे गेले, मशीन गेलं, पुढची खोली रिकामी झाली आणि मी खुर्ची ऐटीत खिडकीपाशी आणून ठेवली. बरोबर दीड दिवस तिथे होती. मग बायको म्हणाली, "अहो, दुकानात फोन घ्यायला कोणी नाही. लोक रंगाचं विचारतात. तुमच्याइतकं त्यातलं कुणाला कळतं?" ती हे चेष्टेनं म्हणाली की मनापासून, ते मी ठरवलं नाही. खुर्ची दुकानात गेली आणि खुर्चीबरोबर मी. वेबसाइटवर आता मेहुण्यानं पांढऱ्यावर काळी अक्षरं केली आहेत. तळाची ती ओळ मात्र बायकोनं काढू दिली नाही.

परवा सकाळी दुकानात फोन वाजला. गेस्ट हाउसचे मालक होते. पडदे लागून आठवडा झाला होता. मी धसकलोच.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "सकाळी खिडकीबाहेरच्या झाडांतून ऊन आलं ना, की तुमचा हा राखाडी काय सुरेख दिसतो हो. थोडा निळा, थोडा हिरवा. काय म्हणतात त्या रंगाला? हं, मोरपंखी! अगदी मोरपंखी दिसतो!"

मी फोन ठेवला. बायकोनं मशीन थांबवलं, दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "काय म्हणाले?"

खिशात अजून तो मोरपंखी तुकडा होता. मी तो हातानं चाचपला आणि खुर्चीत मागे टेकून बसलो.

"काही नाही," मी म्हणालो. "राखाडी छान दिसतोय म्हणाले."